खाडा

सव्वीस वर्षं मी दाभोळच्या धक्क्यावर तिकिटं फाडली.
माणशी इतके, स्कूटरचे इतके,
बोकड असेल तर त्याचे वेगळे.
निवृत्त झालो, हाताला मोजायला काही उरलं नाही,
तेव्हा मागच्या परड्यात
रातांब्याच्या फांदीला दोन करवंट्या टांगल्या.

पहिले तीन दिवस कोणी आलं नाही.
चौथ्या दिवशी एक साळुंकी, इकडेतिकडे बघत,
फुकट्या उतारूसारखी.
मग बुलबुल जोडीनं. मग मुनियांची अख्खी वाडी.
मी वहीत रेघा मारू लागलो,
चार उभ्या, एक आडवी.

काय काय घातलं मी त्यांना!
कालचा भात, शिळा पाव,
बेकरीतले तुटके बटर, डब्याच्या तळाची शेव.
शालन एकदा म्हणाली,
"डॉक्टरांनी तुम्हाला मीठ बंद केलंय,
ते त्यांच्या पानात कशाला ढकलता?"
मी हसलो.
पुण्याचा हिशेब कोण मागतो?

आश्विनाच्या उन्हात
एक मुनिया करवंटीच्या काठावर बसून राहिली.
मी जवळ गेलो तरी उडाली नाही.
मला वाटलं, भरवसा.
तिचा एक डोळा सुजून मिटला होता,
वर खपली, खाऱ्या वाऱ्यात कडीवर गंज धरतो तशी.
दुसऱ्या दिवशी तशाच तीन.

गुरांच्या दवाखान्यातले परकार
शेजारची शेळी बघायला आले होते, त्यांना हाक मारली.
त्यांनी करवंटीत बोट फिरवलं
आणि ते माझ्या नाकाशी धरलं.
"जनार्दन, या ताटात तू जेवशील?"
मी गप्प.
"एका उष्ट्या वाटीत पन्नास चोची.
रानात ती पांगून खातात रे,
तू सगळ्यांना एका बाकावर बसवलंस.
पंधरा दिवस खाडा घाल."

खाडा.
दुधाचा घालतात, कामवालीचा होतो.
पाखरांचा कसा घालायचा?

करवंट्या उतरवल्या.
एकीच्या भेगेत हिरवी बुरशी, ती चुलीत गेली.
दुसरी उकळत्या पाण्यातून काढली, राखेनं घासली,
पत्र्यावर उन्हात पालथी घातली.
आणि सकाळी साडेसहाला
रिकाम्या हातांनी मागच्या दारात उभा राहिलो.

साळुंकी आली.
आधी दोरीकडे बघितलं,
मग माझ्याकडे.
असं माझ्याकडे एकदाच कोणी बघितलं होतं,
शेवटची फेरी सुटल्यावर
तापलेलं पोर खांद्यावर घेऊन
धक्क्यावर धावत आलेल्या बाईनं.

शालन म्हणाली, आत या.

सहाव्या दिवशी वही मिटून नुसता बसलो.
कुंपणाच्या घाणेरीवर बुलबुल जेवत होते,
कोणी न वाढता.
गवताच्या तुऱ्यावर मुनिया,
तुरा वाकला की त्याच्याबरोबर तीही वाकायची.
हेच गवत मी दरवर्षी कोयत्यानं काढायचो,
परडं नीट दिसावं म्हणून.
उंबरावर तांबट, टुक टुक टुक.
त्यानं माझ्या करवंटीकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं,
हे मला तेव्हा कळलं,
मोजायचं थांबल्यावर.

आता करवंट्या पाच, पण हाकेच्या अंतरावर एकेक.
मूठभर नाचणी, कधी वरी,
दिवस कलायच्या आत संपेल एवढीच.
मातीच्या परळात पाणी, रोज ओतून नवं.
शुक्रवारी राख आणि ऊन.
निम्मं गवत तसंच ठेवलंय,
वाडीत म्हणतात, जनार्दन आळशी झाला.
शेव मी खातो, शालन देवळात गेली की.

मिटल्या डोळ्याची ती परत दिसली नाही.
किंवा दिसलीही असेल, बरी होऊन,
मुनियांची तोंडं मला कुठे ओळखता येतात?
वहीत त्या तारखेला एक रेघ आहे,
उभी नाही, आडवी नाही.

परवा साळुंकी आली.
रिकाम्या दोरीवर एक झोका घेतला,
माझ्याकडे न बघताच उंबराकडे निघून गेली.
बरं वाटलं.
जरासं लागलंही.